दोघांनी शिवायची होडी

१२ जुलै, शनिवार

होडी आली. चपटी! लांबलचक खोकं, दोन माणसांनी गल्लीतून आडवं धरून आणलं. शेजारच्या सोनिकाच्या गाडीला घासता घासता वाचलं. मागच्या पडवीत उघडून बघितलं तर आत नुसत्या प्लायवुडच्या पट्ट्या. लांब, पातळ, वळणदार कापलेल्या, कडेकडेने बारीक भोकं पाडलेल्या. याची म्हणे होडी होणार.

कुरिअरवाला विचारतो, "माताजी, इसमें है क्या?" म्हटलं, नाव. तो हसला. हसू दे. ग्वाल्हेरात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे.

हे सगळं अंतराचं खूळ. भाची माझी, गोव्यात होड्यांच्या कारखान्यात नोकरीला. रात्री फोन केला तर म्हणते, "आत्या, ही होडी ठोकत नाहीत, शिवतात. तांब्याच्या तारेने. मग सांध्यांवर इपॉक्सीचा गोंद. तू जन्मभर पोरींना शिवण शिकवलंस, तुला नाही जमणार तर कोणाला जमणार? दिवाळीत मी येते, तिघराच्या धरणावर जाऊन पाण्यात सोडू."

रिटायर झाल्यापासून "तुला जमेल" असं कोणी म्हटलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ पडवीतच बसून राहिले.

१३ जुलै, रविवार

पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत — हे काम दोघांनी मिळून करायचं आहे. लगेच मिटली!

दोघं कुठून आणू? तशी घरात दोघं आहोत म्हणा. खाली मी, वर मुकुंदराव. सख्खा मोठा भाऊ, अंतराचा बाप. आईच्या तेराव्याला सगळे नातेवाईक बसले होते, घराच्या वाटणीची गोष्ट निघाली आणि हा म्हणाला, "सुमनचं काय, एकटा जीव! तिला एक खोली पुरे." जिने आईचं हगणं-मुतणं काढलं तिला एक खोली! मी तिथेच, सगळ्यांच्या देखत सांगितलं — मेले तरी तुला हाक मारणार नाही. पुढे काकांनी मध्ये पडून खालचा अख्खा मजला मला दिला, ते सोडा. शब्द गेला तो गेला. नऊ वर्षं झाली. वहिनी गेली तेव्हा पिठलं-भात करून त्याच्या दारात ठेवला, चार दिवस वर जाऊन बसले, पण त्याच्याशी बोलले नाही.

आमचं बोलणं एकच — पाण्याचं. मोटर खाली माझ्याकडे, टाकी वर त्याच्याकडे. टाकी भरली की तो पाइपावर चमच्याने ठोकतो, टण टण, मी मोटर बंद करते. पूर्वी टाकीच्या आवाजावरून नेमक्या वेळी ठोकायचा. हल्ली पाणी भिंतीवरून धो धो खाली यायला लागलं की मग साहेबांना जाग येते. पडवी सगळी ओली. एवढं वय झालं, खोड्या काही जात नाहीत.

एकटीच करणार मी. बघू कोण अडवतं.

१५ जुलै, मंगळवार

दुसरं खोकं आलं. म्हणजे आलं कालच, मी दाल बाजारात गेले होते तेव्हा. वरच्याने घेतलं वाटतं. आज सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेलं दिसलं. चिठ्ठी नाही, काही नाही. चिकटपट्टी मात्र कापून पुन्हा लावलेली! उघडून बघितलंन. लोकांच्या पार्सलात नाक खुपसायची हौस.

आत इपॉक्सीचे दोन कॅन, काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड, लाकडाचं पीठ, ब्रश, रबरी हातमोजे. पाकिटावर छापलंय दोन जोड, आत एकच. कंपनीवाले पण काय एकेक! अंतराला सांगणार होते, मग म्हटलं जाऊ दे. हात माझे दोनच आहेत.

१९ जुलै, शनिवार

आज आग लागता लागता राहिली.

आधी पट्ट्या टोकाला टोक जोडायच्या असतात. इपॉक्सीचं प्रमाण दोनास एक — दोन भाग राळ, एक भाग हार्डनर. थोडं थोडं कालवा असं पुस्तिकेत लिहिलंय. मी म्हटलं, भज्यांचं पीठ काय दर घाण्याला वेगळं भिजवतात? डबाभर कालवलं. बाहेर हा उकाडा, पंखा बंद, कारण वाऱ्याने कचरा चिकटतो. दोन सांधे झाले असतील नसतील, तोच हाताला चटका! मग धूर! अगं बाई गं! चिमट्याने धरून डबा अंगणात फेकला. त्याचा पिवळा दगड झाला, ब्रश आत उभाच्या उभा.

सोनिका भिंतीवरून डोकावली, "आंटीजी, सब ठीक ना? कुछ जल रहा है?" म्हटलं, भजी.

वरून कोणी डोकावलं नाही. घर पेटलं तरी डोकावणार नाही तो.

२० जुलै

हाताला बर्नॉल. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. दूधवाला सोडून.

२७ जुलै, रविवार

शिवली! आठवडाभर खपले. भोकातून तार घालायची, पिळायची, पुढचं भोक. हाताला पूर्वीची सवय आहे, भराभर झालं. पुढून बघितलं — छान. मागून बघितलं — हे काय! नाक डावीकडे, बूड उजवीकडे. ओल्या साडीला पीळ द्यावा तशी सगळी पिळलेली.

अंतराला व्हिडिओवर दाखवली. तिने कडा जवळून दाखवायला सांगितल्या. मग विचारलं, "आत्या, कडा एकमेकींवर का चढवल्यास?"

"माया नको सोडायला?"

एवढी हसली, एवढी हसली! "अगं आत्या, प्लायवुडला माया नसते सोडायची! कड कडेला नुसती टेकवायची. बस, हो गया. मधली फट इपॉक्सी भरते."

जन्मभर पोरींच्या कानीकपाळी ओरडले — माया सोडा, कडेला बोटभर जास्तीचं कापड ठेवा, माया नसेल तर शिवण उसवते. हात ऐकतात थोडेच! मीही हसले. मग फोन बंद झाला आणि पडवीत मी आणि ती वाकडी होडी. एकटीने फार वेळ हसता येत नाही.

२९ जुलै

सगळ्या तारा उसवल्या. शाळेत मीच म्हणायची — उसवायची लाज वाटू देऊ नये, लाज वाईट शिवण घालून फिरायची.

९ ऑगस्ट, शनिवार

गल्लीत राख्या. सोनिकाचा भाऊ मुरैन्याहून आला, मिठाईचा डबा माझ्याकडेही. सगळ्या पोरी नटून थटून.

आपल्याकडे भाऊबीज महत्त्वाची. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. नऊ वर्षं मी चंद्रालाच ओवाळते. अंगणात पाट, ताट, निरांजन, आणि पश्चिमेला ती बारीक कोर दिसली की दोन मिनिटांत आटपायचं, कारण ती बुडते लगेच. आणि वर गॅलरीत भाऊ बसलेला! त्याला दिसत असेलच. दिसू दे. त्यासाठीच अंगणात करते, खोटं कशाला लिहू.

होडी पुन्हा शिवून झाली. सरळ आहे या वेळी. कड कडेला टेकलेली.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस चांगला. इपॉक्सीत लाकडाचं पीठ घालून चक्क्याइतकं घट्ट कालवायचं, आतल्या सांध्यांत भरायचं आणि चमच्याच्या पाठीने फिरवत न्यायचं. वाटीवाटीनेच कालवलं. शहाणी झाले! सांधा असा गुळगुळीत उतरला की बोट फिरवतच राहावंसं वाटलं.

दाखवायला कोणी नाही. सोनिकाला हाक मारली. ती आली, म्हणाली, "वाह आंटीजी, मस्त! पर इसमें बैठेगा कौन?" दोन बाकं आहेत ना होडीत. म्हटलं, अंतरा आणि मी. तिने वर गॅलरीकडे बघितलं आणि होडीवरून हात फिरवून घरी गेली. शहाणी पोर आहे.

लहानपणी दादाने खोक्याच्या फळ्यांची होडी केली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. फटींत मेण मी भरलं. तेव्हा स्वर्णरेखा नदीला पाणी असायचं. सोडली, मी आत बसले, आणि डबकन् बुडाली! दादाने वेणीला धरून बाहेर ओढलं. घरी येईपर्यंत विनवत होता, "सुमे, आईला सांगू नकोस, तुला दुसरी करून देईन, चांगली." मी नाही सांगितलं आईला. आणि त्याने काही केली नाही दुसरी.

त्याने ही गोष्ट अंतराला हजारदा सांगितलीये म्हणे. कशाला सांगायची?

आज "दादा" लिहिलं गेलं. असो.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

खाली माझा गणपती, वर त्याचा. एका घरात दोन गणपती! आई असती तर दोघांना बदडलं असतं.

वरून त्याची आरती ऐकली. काय तो आवाज! ताल कुठे, सूर कुठे, नुसता ओरडत होता. तरुणपणी एवढा गोड गायचा की जनकगंजातल्या गणेशोत्सवात पहिली आरती त्याचीच. ग्वाल्हेरात राहून एवढं बेसूर! मला मुद्दाम ऐकवायला ओरडतो. मागच्या वर्षी टीव्ही असाच लावायचा, भिंती हादरायच्या. आता टीव्ही लावतच नाही. बातम्यासुद्धा खाली ऐकू जायला नकोत, असं असेल.

मोदक जास्त झाले. दोन-तीन दिवस मीच खाणार.

३१ ऑगस्ट, रविवार

दमट हवेने इपॉक्सीवर तेलकट साय धरली होती. धुऊन काढली. मग घासायचं. सोनिकाच्या नवऱ्याने सँडर आणून दिला. हे यंत्र म्हणजे केवढा कर्कश आवाज! दातांत झिणझिण्या येतात. मुद्दाम दुपारी दोनला लावला, त्याच्या झोपेच्या वेळी. एकेकाळी माझ्या मिक्सरवरून भांडायचा हा माणूस. म्हटलं, आता येईल खाली तणतणत. ये तर खरा! निदान भांडू तरी.

वरून हूं नाही की चूं नाही. एवढा तिटकारा, की भांडायलाही नको मी!

यंत्र बंद करून पायरीवर बसले. डोळ्यांत भुसा गेला होता. भुसाच होता असं नाही.

७ सप्टेंबर

होडी उलटी करायची होती, बाहेरून कापड चढवायला. पुस्तिका म्हणते दोघांनी उचला. जुनी गादी अंथरली आणि लोळवत लोळवत एकटीने केली. कंबर गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. पण इथे नाही लिहायचं तर सांगू कोणाला?

आज काचेचं कापड. होडीच्या पोटावरून अंथरायचं, वरून इपॉक्सी ओतून पसरायचं, मग पांढरं कापड पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड दिसायला लागतं. एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने पसरायचं. मी एका टोकाला कपड्यांचे चिमटे लावले, दुसऱ्या टोकाला विटा. अर्धं झालं, सुरेख झालं. आणि वारा सुटला. वीट पडली. अर्धं कापड सरकून गोळा व्हायला लागलं, माझे दोन्ही हात चिकट, इपॉक्सी घट्ट व्हायला लागलेली. इकडे ओढावं तर तिकडे सुरकुती.

वर बघितलं. गॅलरीत बसला होता, खुर्चीत, पाठमोरा. पांढरं डोकं दिसत होतं.

मी हाक मारली. "दादा!"

नऊ वर्षांनी. आवाज फाटला माझा. मग मोठ्याने — "दादा! अरे दादा, ये ना रे खाली!" मग आणखी एकदा, जिवाच्या आकांताने.

त्याने मान वळवली नाही.

सोनिका धावत आली, पीठ मळलेल्या हातांनी. तिच्यामागे तिची सासू. समोरच्या घराची खिडकी उघडली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, एका त्याला सोडून! सोनिकाने कापड ताणून धरलं, "आंटीजी, रोओ मत, बताओ किधर खींचूँ." झालं कसंबसं. बुडावर एक आडवी सुरकुती राहिली, आता निघायची नाही.

मी शब्द मोडला. मेले तरी मारणार नाही म्हटलेली हाक मारली. आणि तो बसून राहिला.

१५ सप्टेंबर

संपलं. आता खरंच मला भाऊ नाही.

१६ सप्टेंबर

पाण्याची टण टण ऐकली. लगेच मोटर बंद नाही केली. वाहू दे.

२८ सप्टेंबर, रविवार

होडी पडवीत उपडी पडून आहे. पुन्हा उलटी करून बाकं बसवायची, वॉर्निश लावायचं. पण कापडाने आणि इपॉक्सीने जड झाली, माझ्याने लोळवत नाही. सोनिकाचा नवरा दौऱ्यावर. खरं सांगायचं तर कोणाला बोलवायची इच्छाही नाही. तिच्यावर चादर टाकली. रात्री स्वयंपाकघरातून बघितलं तर घरात कोणी गेल्यासारखं वाटलं. उठून चादर काढली.

१२ ऑक्टोबर, रविवार

अंतराचा फोन. "आत्या, सॉरी गं, सुट्टी नाही मिळत. ऑर्डर्स आल्यात. पण होडी पूर्ण कर हं!" म्हटलं, हो बाळा, होडी काय, होईल. कामाचं बघ तू.

चकलीची भाजणी केली होती तिच्यासाठी. तिघराला जाताना न्यायचा डबासुद्धा काढून घासून ठेवला होता. वेडी बाई मी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

गल्लीची दिवाळी काल झाली, आमच्या पंचांगात आज. काल सगळ्यांचे फटाके, आज एकट्या माझ्या दारात पणत्या. आणि वर त्याच्या गॅलरीत. दोघांचीच दिवाळी आज या गल्लीत, आणि बघा आमची तऱ्हा!

फराळाचं ताट दर वर्षी जिन्यावर ठेवते. ते भांडणात धरत नाही, ते आईसाठी. या वर्षी ठेवणार नव्हते. मग ठेवलं. चकल्या कोण खाणार एवढ्या?

संध्याकाळी ताट परत पायरीवर. घासलेलं, वर साखरेची वाटी. रिकामं ताट परत करू नये, हे आईने शिकवलेलं बरं लक्षात आहे. बहिणीने हाक मारली तर उठावं, हे नाही शिकवलं वाटतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

अंतराने शुभेच्छांचा फोन केला आणि विचारलं, "होडी कधी उलटी करतेयस?" माझा तोल गेला. म्हटलं, कोणाच्या जिवावर करू? तुझ्या बाबाला तीन हाका मारल्या मी, तीन! सगळी गल्ली धावली. तुझा बाप गॅलरीत पाठ करून बसून राहिला. उद्या भाऊबीज, मी चंद्रालाच ओवाळणार, आणि मरेपर्यंत त्यालाच ओवाळणार, सांग त्याला!

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या... उद्या सकाळी करते फोन." एवढंच.

पोरीला उगीच बोलले. सणासुदीला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दादाला ऐकू येत नाही. दोन वर्षं कमी कमी होत गेलं. आता काहीच येत नाही. अंतराने सकाळी रडत रडत सांगितलं. "आत्याला सांगू नकोस, तिला वाटेल दया मागतोय," अशी शपथ घातली होती तिला त्याने.

संध्याकाळी ताट घेऊन जिना चढले. तो गॅलरीत, पाठमोरा. समोर जाऊन उभी राहिले. पाट मांडला. त्याने बघितलं आणि येऊन बसला. कुंकू लावताना थोडं नाकावर सांडलं. ओवाळलं.

मग तो उठून आत गेला आणि ओवाळणी आणून ताटात ठेवली. रबरी हातमोज्यांचा जोड. कोरा.

म्हणाला, फार मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "खोकं आलं तेव्हाच काढून ठेवले. तेव्हापासून वाट बघतोय. एक हाक मारायचीस ना गं, सुमे!"